सेवेची सहल

गेल्या पावसाळ्यांत आमच्या हातून एक प्रमाद घडला. आणि तो चारचौघांच्या देखत घडला असल्यामुळें त्याचें प्रायश्चित्तही चारचौघांच्या देखतच घेणें आम्हांस प्राप्त आहे. आमच्या वसाहतींतील एका कुटुंबाचा सत्कार होता. कुटुंब सुशील, सुशिक्षित व सुस्थितींतलें. वडील अभियंते, आई डॉक्टर, मुलगी पंधरा वर्षांची, मुलगा अकरा वर्षांचा. या चौघांनीं मे महिन्याच्या सुटींत कंबोडियांतील सिएम रीप या शहरीं जाऊन तेथील एका अनाथालयांत बारा दिवस सेवा केली होती. त्यांनीं भिंतींना रंग दिला, मुलांना इंग्रजी शिकविलें, त्यांच्याबरोबर खेळ खेळले आणि परत येतांना अंगकोरचीं जगप्रसिद्ध देवळें पाहिलीं. सभेचें अध्यक्षस्थान आमच्याकडे होतें. अध्यक्षाला बोलावें लागतें. आणि अध्यक्ष प्राध्यापक असला म्हणजे थांबावें कोठें हें त्याला कळत नाहीं. आम्ही अर्धा तास बोललों. 'ज्या वयांत इतर मुलें घेण्यांत रमतात त्या वयांत या मुलांना देण्याची गोडी लागली,' असें एक वाक्य आम्हीं त्या भरांत उच्चारलें आणि टाळ्या मिळविल्या.

गेल्या महिन्यांत एक रंगीत पत्रक आमच्या हातीं आलें. अशा सहली भरविणाऱ्या एका व्यावसायिक संस्थेचें तें पत्रक. येत्या मे महिन्यांत पांच कुटुंबांनीं मिळून त्याच अनाथालयांत सेवेसाठीं जावें, शुल्कांत प्रवास, निवास, न्याहारी, सेवा व अंगकोरदर्शन हीं सर्व समाविष्ट आहेत, असा त्यांतील मजकूर. आणि शिरोभागीं, आमच्या नांवानिशीं, आमचें तें वाक्य! आमची परवानगी कोणीं विचारली नव्हती. परंतु वाक्य आमचेंच होतें, हें कसें नाकारावें? तें आतां परत घेणें एवढाच या लेखाचा हेतु आहे. आणि तें कां परत घ्यावयाचें हें वाचकांपुढें मांडल्यावांचून तें परत घेण्यांत कांहीं अर्थ नाहीं.

त्या सभेंत आमच्या भाषणापेक्षांही अधिक टाळ्या त्या पंधरा वर्षांच्या मुलीनें घेतल्या. तिनें सांगितलें कीं, आपण अनाथालयाच्या फाटकांतून आंत पाऊल टाकतांच चारपांच वर्षांची एक चिमुरडी धांवत आली आणि आपल्या गळ्यांत पडली. पुढचे बारा दिवस तिनें आपलें बोट सोडलें नाहीं. आणि निघण्याच्या दिवशीं ती इतकी रडली कीं, गाडी सुटल्यावरही तिचा आवाज ऐकूं येत होता. सभागृहांत कित्येकांनीं डोळे टिपले. आम्हींही टिपले.

सभा आटोपल्यावर आमची एक जुनी विद्यार्थिनी भेटली. बालकल्याणाच्या कामांत तिचीं पुष्कळ वर्षें गेलीं आहेत. नमस्कार करून ती म्हणाली, "सर, रागावणार नसाल तर एक विचारतें. आपली धाकटी चार वर्षांची असतांना कोणी अनोळखी माणूस दारांत आला, तर ती काय करीत असे?"

"काय करणार? आईच्या पदराआड लपत असे," आम्ही म्हणालों.

"मग ही कां नाहीं लपली?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. ज्या मिठीवर आम्हीं सभा जिंकली होती, ती मिठी म्हणजे त्या मुलीच्या दुखण्याचें लक्षण होतें, हें त्या दिवशीं आम्हांस प्रथम कळलें. घरीं आल्यावर आम्ही या विषयावरील वाङ्मय वाचूं लागलों, आणि जसजसें वाचलें तसतशी लाज वाढत गेली.

ही गोष्ट कांहीं कालपरवां शोधून काढलेली नाहीं. रेने स्पिट्झ या मानसवैद्यानें १९४५ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यानें दोन प्रकारचीं तान्हीं मुलें ताडून पाहिलीं होतीं. एकीकडे अनाथालयांतील मुलें: स्वच्छ जागा, पुरेसें दूध, परंतु सातआठ मुलांमागें एक दाई. दुसरीकडे स्त्रियांच्या तुरुंगांतील मुलें, त्यांच्या बंदिवान आयांनीं स्वतः सांभाळलेलीं. तुरुंगांतील मुलें वाढलीं. अनाथालयांतील सुकत गेलीं. १९५१ सालीं जॉन बोल्बी यानें जागतिक आरोग्य संघटनेसाठीं लिहिलेल्या अहवालांत हेंच अधिक विस्तारानें सांगितलें: अन्नवस्त्राइतकीच मुलाला एका स्थिर, ओळखीच्या माणसाची गरज असते. पुढें १९८९ सालीं रुमानियांतील चाउशेस्कूची राजवट कोसळली, आणि तेथील सरकारी संस्थांत कोंडलेल्या लाखाहून अधिक मुलांचे हाल जगाला दिसले. बुखारेस्ट शहरांत २००० सालीं अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १३६ लहान मुलांचा अभ्यास आरंभिला. निम्म्या मुलांना पालक-कुटुंबांत ठेवलें, निम्मीं संस्थांतच राहिलीं. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें कुटुंबांत गेलेल्या मुलांची बुद्धि स्पष्टपणें अधिक वाढली होती, आणि जीं मुलें जितक्या लवकर घरांत गेलीं तितका त्यांना अधिक लाभ झाला होता. अशा संस्थांत वाढलेलीं मुलें कोणाही परक्याच्या गळ्यांत पडतात, कोणाहीबरोबर निघून जावयास तयार असतात, ही गोष्ट संशोधकांनीं वारंवार नमूद केली आहे. आपलें माणूस कोण हें ठरविण्याची संधीच ज्या जिवाला मिळाली नाहीं, त्याला परकें कोण हें तरी कसें कळावें?

आतां त्या बारा दिवसांचा हिशेब मांडूं. एक कुटुंब येतें. मुलें त्याला चिकटतात. तें निघून जातें. पुढच्या पंधरवड्यांत दुसरें येतें. पुन्हां मिठी, पुन्हां रडणें. आपल्या घरांतील मुलाची आई वर्षांतून वीस वेळां बदलली आणि वीसही वेळां कायमची निघून गेली, तर त्या मुलाचें काय होईल, हें सांगावयास मानसशास्त्र लागत नाहीं. तरीही ज्या रडण्यानें आमच्या मनाला टोंचणी लागावयास हवी होती, त्याच रडण्याला आम्हीं आमच्या सेवेचें प्रशस्तिपत्र समजलों. परदुःख शीतल म्हणतात. येथें तर तें गोडही लागलें.

येथवरचें ऐकून एखादा वाचक म्हणेल, 'मान्य आहे. परंतु त्या मुलांना आईबापच नाहींत, त्याला कोण काय करणार? घर नाहीं म्हणून संस्था, आणि संस्था आहे म्हणून पाहुणे.' आमचाही हाच समज होता. तो खोटा निघाला, आणि या प्रकरणांतील सर्वांत भयंकर गोष्ट तीच आहे.

कंबोडियांत १९७५ ते १९७९ या काळांत ख्मेर रूझ राजवटीनें केलेला संहार सर्वांस ठाऊक आहे. त्या काळीं पोरक्या झालेल्या मुलांसाठीं आश्रयस्थानें हवींच होतीं. परंतु तीं मुलें २००५ सालापर्यंत पंचविशीच्या पुढें गेलीं होतीं. त्यानंतर देशांत शांतता होती, सुबत्ता थोडीशी वाढत होती, आणि अंगकोर पाहावयास येणाऱ्या प्रवाशांची रीघ लागली होती. अशा काळांत अनाथालयें कमी व्हावयास हवीं होतीं. तीं वाढलीं! २००५ ते २०१० या पांच वर्षांत त्यांची संख्या सुमारें तीनचतुर्थांशानें वाढली. आणि संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीच्या, म्हणजे युनिसेफच्या, पाहणीप्रमाणें तेथील चार मुलांपैकीं सुमारें तिघांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात होते. युद्ध संपल्यावर अनाथ वाढतात, हा चमत्कार कसा झाला? उत्तर सोपें आहे. अनाथ नव्हते, परंतु अनाथांना गिऱ्हाईक होतें.

'गिऱ्हाईक' हा शब्द आम्हीं जाणूनबुजून योजिला आहे. खेड्यांतील गरीब बापाकडे कोणी येतो आणि सांगतो, 'मुलाला शहरांत शिकवितों, दोन वेळचें जेवण देतों.' मुलाच्या कल्याणासाठीं बाप छातीवर दगड ठेवून त्याला पाठवितो. इकडे तें मूल 'अनाथ' या नांवाखालीं पाहुण्यांपुढें उभें राहतें, नाचतें, गाणें म्हणतें. पाहुण्यांच्या देणग्यांवर संस्था चालते. म्हणून मुलें असावीं लागतात, आणि तीं दीनवाणीं दिसावीं लागतात. फार चांगलीं दिसलीं तर पाहुण्याचा हात खिशाकडे कशाला जाईल?

आपल्या शेजारच्या नेपाळांत हाच प्रकार याहून उघड्या स्वरूपांत झाला. १९९६ ते २००६ या यादवीच्या दशकांत हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलाल मुलें घेऊन काठमांडूस गेले. मुलाला सैन्यांत ओढून नेतील या भयानें धास्तावलेल्या आईबापांकडून त्यांनीं वर पैसेही उकळले. पुढें कित्येक मुलांच्या जिवंत आईबापांच्या मृत्यूचे खोटे दाखले तयार झाले. अनाथालयें कोठें निघालीं हें पाहण्यासारखें आहे. जेथें दारिद्र्य सर्वांत अधिक त्या डोंगराळ जिल्ह्यांत तीं निघालीं नाहींत. काठमांडूचें खोरें, पोखरा, चितवन अशा प्रवाशांच्या वर्दळीच्या ठिकाणीं तीं दाटीनें उभीं राहिलीं. २०१५ सालच्या भूकंपानंतर मुलांना आईबापांवांचून जिल्ह्याबाहेर नेण्यास तेथील सरकारला मनाई करावी लागली, ती याच अनुभवामुळें.

या प्रकाराला आतां सभ्य जगानें त्याचें खरें नांव देण्यास आरंभ केला आहे. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीनें २०१७ सालीं आपल्या अहवालांत, अनाथालयें भरण्यासाठीं केलेली मुलांची ने-आण ही आधुनिक गुलामगिरीची बाब म्हणून हाताळली; आणि २०१९ च्या डिसेंबरांत संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें मुलांच्या हक्कांविषयींच्या ठरावांत अनाथालयांतील हौशी स्वयंसेवेच्या दुष्परिणामांचा स्पष्ट उल्लेख केला. ज्या गोष्टीला आम्हीं शाल आणि नारळ दिला, तिच्याविषयीं जग असें बोलत होतें, आणि आम्हांस त्याची वार्ताही नव्हती!

आम्हांस अन्याय करावयाचा नाहीं. खरोखर पोरकीं झालेलीं मुलें जगांत आहेत, आणि त्यांच्यासाठीं झिजणारीं प्रामाणिक माणसेंही आहेत. आपल्याच इतिहासांत १८७५ सालीं पंढरपुरास निघालेला प्रार्थनासमाजाचा बालकाश्रम आहे. १८९६-९७ च्या दुष्काळांत मुलींना व बायांना केडगांवीं आश्रय देणाऱ्या पंडिता रमाबाई आहेत. परंतु जगानें टाकलेल्यांना तेथें दार उघडलें होतें. ज्यांना घर आहे त्यांना घरांतून काढून पाहुण्यांपुढें मांडणाऱ्या दुकानाशीं त्यांची तुलना करणें हा त्यांचा अपमान होय. त्या कुटुंबानें पाहिलेली संस्था या दोहोंपैकीं कोणत्या जातीची, हें आम्हांस ठाऊक नाहीं. मुख्य गोष्ट ही कीं, तें त्या कुटुंबासही ठाऊक नव्हतें, आणि त्यांनीं विचारलेंही नव्हतें. चार हजार रुपयांचें धुलाईयंत्र घेतांना आपण दहा दुकानें हिंडतों!

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप, 'हेतु तर चांगला होता ना?' होता, त्याविषयीं आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. परंतु वैद्यक न शिकलेल्या माणसानें चांगल्या हेतूनें शस्त्रक्रिया केली तर आपण त्याचा सत्कार करितों काय? दुखणें दुसऱ्याचें असलें म्हणजे हेतूवर भागवून घेण्याची आपणांस फार घाई होते.

दुसरा आक्षेप, 'कांहींच न करण्यापेक्षां थोडें केलेलें बरें.' येथें 'थोडें' म्हणजे काय तें पाहूं. पंधरा वर्षांच्या मुलीनें बारा दिवस इंग्रजी शिकविलें. आपल्या मुलांच्या शाळेंत एखादी परदेशी मुलगी, शिक्षणाचा अनुभव नाहीं, मराठीचें अक्षर येत नाहीं, अशी अचानक येऊन वर्गावर उभी राहिली, मुलांना कवटाळूं लागली, त्यांचीं छायाचित्रें काढून आपल्या देशीं पाठवूं लागली, तर पालकसभेंत काय गहजब होईल! तेथें मात्र तीच गोष्ट सेवा ठरते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचें तें कारटें, ही म्हण आपण हंसण्यासाठीं वापरतों. येथें ती अक्षरशः खरी होते. भिंती रंगविण्याविषयीं तर बोलावयासच नको. सिएम रीपमध्यें रंगारी नाहींत असें नाहीं. त्या भिंतीचें काम एखाद्या स्थानिक रंगाऱ्याला मिळालें असतें, तर कदाचित् त्याचेंच मूल घरीं राहिलें असतें.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे, म्हणून सर्वांत कठीण आहे. तो असा: 'त्या मुलांचें कांहीं होवो न होवो, आमच्या मुलांवर संस्कार होतो. त्यांना आपलें भाग्य कळतें.' हा आक्षेप आम्हांस अनेक सज्जन आईबापांनीं घातला आहे, आणि त्यामागची तळमळ आम्ही जाणतों. सुखांत वाढणाऱ्या मुलाचें मन कोरडें राहूं नये ही चिंता कोणाला नाहीं? परंतु या आक्षेपांत एक कबुली दडली आहे. सेवा ज्यांची करावयाची तीं मुलें येथें साधन झालीं, आणि आपलें मूल साध्य झालें. एका चिमुरडीचें रडणें खर्ची घालून दुसऱ्या मुलीला करुणेचा धडा द्यावयाचा, हा कोणत्या शाळेचा अभ्यासक्रम? शिवाय आपलें मूल खरोखर काय शिकतें? गरिबांचीं मुलें कवटाळण्यासाठीं मोकळीं असतात. त्यांच्या घरचीं माणसें विचारण्याचें कारण नसतें. प्रेम पंधरवड्याच्या हप्त्यानें देतां येतें. आणि तें दिल्यावर दुसऱ्या दिवशीं देवळें पाहावयाचीं असतात. असल्या धड्यापेक्षां अज्ञान पुरवलें. हल्लीं परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशअर्जांत अशा सेवेचा उल्लेख उपयोगी पडतो, हेंही आम्ही प्राध्यापक असल्यामुळें जाणतों. त्या संस्काराचा हिशेब कोणीं ठेवावा?

'तर मग आम्हीं करावें काय?' हा प्रश्न उरतो, आणि तो टाळून टीकाकाराला पळतां येणार नाहीं. इव्हान इलिच या धर्मगुरूनें १९६८ सालीं मेक्सिकोंत सेवेसाठीं निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढें बोलतांना त्यांना सरळ सांगितलें होतें कीं, पाहावयास या, शिकावयास या, हिंडावयास या. उपकार करावयास मात्र येऊं नका. हा सल्ला आम्हांस प्रथम उद्धट वाटला, आतां तो सौजन्याचा वाटतो. कंबोडियास अवश्य जावें. अंगकोरचीं देवळें डोळे भरून पाहावीं, तेथल्या माणसाच्या खानावळींत जेवावें, त्याच्या दुकानांतून वस्तु घ्यावी, त्याला योग्य दाम द्यावा. त्या पैशानें एखाद्या बापाला मूल दूर पाठवावें लागणार नाहीं. प्रवासी म्हणून जाण्यांत लाज नाहीं. प्रवास करून सेवेची पावती फाडण्यांत आहे.

ज्यांना द्यावयाचेंच आहे त्यांनीं मुलाच्या घराला द्यावें. मूल घरांत राहील अशा कामाला, म्हणजे आईच्या औषधाला, बापाच्या रोजगाराला, गांवच्या शाळेला. आपल्या २०१५ सालच्या बालन्यायाच्या कायद्यानेंही संस्था हा शेवटचा उपाय मानला आहे. आणि महाराष्ट्रांत बालसंगोपनासारख्या योजनेचें तत्त्व हेंच आहे कीं, मदत कुटुंबांत वाढणाऱ्या मुलाला मिळावी. वाढदिवशीं अनाथालयांत जाऊन केक कापण्याची जी प्रथा आपल्या शहरांत रूढ झाली आहे, तिचाही या दृष्टीनें विचार व्हावयास हवा. ज्या मुलाचा वाढदिवस कोणाच्या ध्यानांत नाहीं, त्यानें दर रविवारीं दुसऱ्याच्या वाढदिवसाला टाळ्या वाजवावयाच्या!

आणि ज्यांना केवळ पैसा देऊन समाधान होत नाहीं, स्वतःला द्यावेंसें वाटतें, त्यांच्यापुढें आपल्याकडे उदाहरणें थोडीं नाहींत. अनुताई वाघ १९४५ सालीं ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीस गेल्या, पुढें कोसबाडच्या टेकडीवर राहिल्या, आणि १९९२ सालीं देह ठेवीपर्यंत वारल्यांच्या मुलांचें काम त्यांनीं सोडलें नाहीं. त्यांच्या कार्यांतील एक गोष्ट या विषयाला फार लागू पडते. वस्तींतील मुलें बालवाडींत येत नाहींत असें दिसतांच त्या दोघींनीं बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणांत नेली; 'अंगणवाडी' हा शब्द तेथला. पुढें १९७५ सालीं सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेनें तोच उचलला. सेवेची खरी दिशा त्या एका शब्दांत आहे. मुलाला त्याच्या अंगणांतून उचलून आपल्या सोयीच्या जागीं आणावयाचें नाहीं. आपण त्याच्या अंगणांत जावयाचें, आणि तेथें पुरतें राहावयाचें. बारा दिवसांत तर त्यांची भाषाही येत नाहीं.

हा लेख छापावयास देण्यापूर्वीं आम्हीं तो त्या कुटुंबास वाचून दाखविला. पाठीमागें बोलणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं. वडील कांहीं वेळ गप्प बसले. आई थोडी दुखावली, आणि तें स्वाभाविक होतें. मुलगी मात्र शेवटपर्यंत ऐकत होती. तिनें एवढेंच विचारलें, "काका, तिची आई असेल का हो?" असण्याचा संभव बराच आहे, असें आम्हीं सांगितलें. "मग मीं तिला हें विचारलेंच नाहीं," ती म्हणाली. पुढच्या दिवशीं तिनें त्या संस्थेला एक पत्र लिहिलें: मुलांच्या पालकांची नोंद आपण ठेवतां काय, आणि त्यांना घरीं परत पोंचविण्यासाठीं काय करितां? उत्तर अद्याप आलेलें नाहीं.

ज्या वाक्यानें या लेखाचा आरंभ झाला तें आम्ही येथें परत घेत आहों, आणि पत्रक काढणाऱ्या मंडळींनीं तें काढून टाकावें अशी मागणी करीत आहों. त्या मुलीचें पत्र हें आम्हांस तिच्या बारा दिवसांपेक्षां मोठें वाटतें. येत्या मे महिन्यासाठीं ज्या पांच कुटुंबांनीं नांवें नोंदविलीं आहेत, त्यांनीं पैसे भरण्यापूर्वीं तोच प्रश्न विचारावा, आणि उत्तर येईपर्यंत घरीं राहावें.